दुपारची लाइट

स्क्रीन पुन्हा काळी झाली तेव्हा तिच्या हातात रक्ताची नळी होती. तिने ती स्टँडमध्ये खोचली, हातमोजा ओढून काढला आणि मोबाइल उचलला. ‘कॅमेरा ऑफलाइन आहे.’

“परत गेली का गं तुमच्या घरची लाइट?” लॅबमधल्या सहकारिणीने मायक्रोस्कोपमधून डोकं न काढता विचारलं.

“गेली.”

“आमची जाते तेव्हा अख्ख्या गल्लीची जाते. तुम्हीच कुणाचं घोडं मारलंय?”

तिला हसू आलं नाही. ती स्क्रीनकडे बघत राहिली. थोड्या वेळाने चित्र आलं. पंखा फिरत होता, पाळणा रिकामा होता. मग कडेला बाथरूमचं दार उघडलं आणि बाळाला छातीशी धरून चिमणी बाहेर आली.

प्रत्येक वेळी हेच. लाइट जायची, यायची आणि चिमणी बाळाला घेऊन बाथरूममधून निघायची.

चिमणी म्हणजे बाळाला सांभाळणारी बाई. पंचविशीची असेल. कामाला लागली तेव्हा दिवसभर चिवचिव चालायची, म्हणून हे नाव पडलं. अलीकडे मात्र तिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खिळा उपटावा लागायचा.

संध्याकाळी घरात पाय ठेवल्याठेवल्या तिने विचारलं, “बाथरूममध्ये काय करत होतीस बाळाला घेऊन?”

“लाइट गेली की घाबरतं ते, ताई.”

“भर दुपारी? खिडक्या सताड उघड्या असतात की!”

चिमणीने बाळाचं तोंड पुसलं. पुसलेलंच परत पुसलं. “ताई, तुम्ही जेवायला घरी येत जा ना दुपारच्या.”

“मी घरी बसले तर तुला कशाला ठेवलंय?”

चिमणीने चपला घातल्या आणि ती निघून गेली.

दार लावून तिने बाळाचे कपडे उतरवले. पाठ, मांड्या, काखा, सगळं उजेडात धरून बघितलं. कुठे वळ नव्हता, ओरखडा नव्हता. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना.

नवरा आला तो बाळाला उचलतच. “काय म्हणतंय आमचं हेरखातं? आज काय पकडलं?”

“चेष्टा नको. लाइट फक्त आपलीच जाते. समोरच्या काकूंना विचारलं मी.”

“जुनं वायरिंग आहे, जाणारच.” तो सोफ्यावर टेकला. “मला काळजी त्या कॅमेऱ्याची आहे. आपलं पोर, आपलं घर, तू रात्री गाऊनमध्ये फिरतेस ते, सगळं कुठल्या परक्या सर्व्हरवर जाऊन पडतंय. कोण बघतंय, तुला माहितेय? मी याच धंद्यात आहे. लोकांच्या घरातलं काय काय बाजारात फिरतं ते रोज बघतो. काढून टाकू या तो.”

हे तिच्याही मनात यायचं. बाळाला पाजताना ती कॅमेऱ्यावर दुपटं टाकायची, लॅपटॉपला चिकटपट्टी लावायची. पण कॅमेरा काढला तर दिवसभर बाळ दिसणार कसं?

“नको. अजून थोडे दिवस राहू दे.”

“बरं बाई. तू सांगशील तसं.” त्याने बाळाच्या पोटावर फुर्र केलं. बाळ खिदळलं. तिला वाटलं, निदान हा जवळ आहे. त्याचं ऑफिस घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. काही झालंच तर तो आधी पोचेल.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि नवरा कामावर गेल्यावर वायरमनला बोलावलं. त्याने घरातलं वायरिंग तपासलं, जिन्यातली मीटरची पेटी उघडली आणि मान हलवली.

“वायरिंग ठणठणीत आहे. हे बटण कुणीतरी हाताने पाडतंय, मॅडम. पेटीला कुलूप का नाही?”

तिने आत वळून बघितलं. चिमणी पाळण्याला झोका देत होती. तिचं सगळं लक्ष इकडेच होतं.

“कुलूप नको,” ती वायरमनला हळू आवाजात म्हणाली. “कॅमेरा आणि वायफाय लाइट गेल्यावरही चालू राहतील असं काही बसवता येईल का?”

चिमणीला तिने वाणसामान आणायला पिटाळलं. वायरमनने कपाटामागे बॅटरी बसवली. नवऱ्याला तिने सांगितलं नाही. त्याने पुन्हा हेरखातं म्हणून पिडलं असतं. नवी बाई तिने फोनवर पक्की करून ठेवली. चिमणीला नुसतं काढायचं नव्हतं, पोलिसांत द्यायचं होतं. त्यासाठी पुरावा हवा होता.

नंतरच्या दुपारी ती लॅबमध्ये मोबाइल समोर टेकवूनच बसली होती. आवाज मोठा ठेवला होता. चिमणी पाळण्याशी बसून बाळाचे कपडे घडी करत होती.

पंखा मंदावला. थांबला. चित्र तसंच राहिलं.

“चालतंय,” ती पुटपुटली. सहकारीण उठून तिच्यामागे येऊन उभी राहिली.

चिमणीच्या हातातलं झबलं खाली पडलं. तिने झोपलेलं बाळ पाळण्यातून खसकन उचललं आणि बाथरूमकडे धाव घेतली. दार आपटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. बाळ रडायला लागलं.

“अगं, हिने तर कोंडून घेतलं! बघत काय बसलीस? तुझ्या नवऱ्याला फोन लाव.”

तिने लॅबच्या टेबलावरच्या फोनवरून नवऱ्याचा नंबर फिरवला. उचल, उचल, ती मनात म्हणत राहिली. रिंग वाजायला लागली.

मोबाइलमधूनही वाजायला लागली. तिच्या घरात, बाथरूमच्या दाराजवळ.

मग दोन्हीकडची एकदमच बंद झाली. स्क्रीनच्या कडेला एक पाठ आली. दारावर टकटक झाली, अगदी हलकी.

“उघड गं चिमणे,” नवरा लाडाने म्हणाला. “कॅमेरा बंद आहे.”