ड्रूसी मावशीचं आडनाव

क्रेनशॉबाईंनी फळ्यावर आशय, पात्रं आणि भाषा असे तीन शब्द लिहिले, हाताला लागलेली खडूची पूड झटकली आणि डेल्फीनकडे बघून गोड हसल्या.

"ड्रूसी मावशीचे संवाद आज डेल्फीन वाचेल," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडी ते कसे अगदी खरे वाटतील."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. शाळेत निम्मी पोरं काळी होती, पण इंग्रजीच्या या वरच्या वर्गात डेल्फीन एकटीच. याच वर्षी तिला इथे बसवलं होतं, तेही क्रेनशॉबाईंच्या शब्दावर. त्यांनी मनात आणलं तर उद्या ती पुन्हा खालच्या वर्गात. हे तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे बाईंनाही ठाऊक होतं.

कादंबरी म्हणजे कापसाच्या मळ्यावरच्या एका जज्जाच्या घराण्याची कहाणी. अमेरिकेतल्या जॉर्जियात शाळेत गेलेला माणूस तिच्यातून सुटत नाही. ड्रूसी मावशी त्या घरची काळी स्वयंपाकीण. ती बोलायला लागली की छापील शब्दांचे हातपाय मोडतात, निम्मी अक्षरं गळून पडतात आणि वाचणाऱ्याला हसू येतं. तेवढ्यासाठीच तर ते तसं छापलेलं असतं.

डेल्फीननं पान उघडलं आणि तिची आजी रविवारी चर्चमध्ये बायबल वाचते तशी सरळ, सावकाश वाचत गेली. एकही शब्द मोडला नाही.

"छापलंय तसं वाच गं," बाई म्हणाल्या.

"छापणाऱ्यानं अक्षरं खाल्लीत, मॅडम. मी ती परत भरली."

"भाषेतूनच पात्र उभं राहतं, डेल्फीन. हीच तर लेखकाची कमाल आहे."

"मग जज्जसाहेब कुठले? तेही याच गावचे ना? तेही असेच बोलत असणार. त्यांचं एकसुद्धा अक्षर कुणी खाल्लेलं नाही."

क्रेनशॉबाई स्वतः बोलताना शब्दांची शेपटं गिळत. गावात गोरे-काळे सगळेच गिळतात. पण हे त्यांना आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचा कप उचलून कॉफीचा घोट घेतला. कपावर फुलांच्या वेलबुट्टीत 'कॅरोलीन' असं रंगवलेलं होतं. मग त्यांनी भाषा सोडून आशयाला हात घातला. कादंबरीचा आशय माया हा आहे, त्या सांगू लागल्या. ड्रूसी काही नोकर नव्हे, घरातलीच. घरचे लहानथोर सगळे तिला मावशी म्हणतात. तिच्या मरणाचं प्रकरण शिकवताना दरवर्षी आपल्या डोळ्यांत पाणी येतं. हे सांगतानाही त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. ते ढोंग नव्हतं, आणि डेल्फीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्यामुळेच. ढोंग असतं तर तिनं सोडून दिलं असतं.

"तिचं आडनाव काय, मॅडम?" तिनं विचारलं.

बाईंनी उगाच दोन पानं चाळली. मग म्हणाल्या की ते दिलेलं नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

"जज्जांच्या घोड्याला सगळे कर्नल म्हणतात. घोड्याला मान आहे. हिला साधं मिसेस कुणी म्हणत नाही."

आता वर्ग मोकळेपणानं हसला. बाईंचं हसू मात्र आटलं. या वर्गात बसायचं तर मनातली अढी बाहेर ठेवून यायचं, त्यांनी बजावलं. जमत नसेल तर आधीचा वर्ग बरा होता, तिथे एवढं खोलात कुणी शिरत नाही.

डेल्फीननं मान खाली घातली. तिच्या आजीच्या दारावर 'एल. पी. बॅस्किन' एवढीच पाटी होती. त्या अक्षरांमागचं नाव चर्चबाहेर कुणालाही माहीत नव्हतं, आणि आजीनं ते जन्मभर जपून ठेवलं होतं. नाव कळलं की या गोऱ्यांची शेंबडी पोरंसुद्धा त्या नावानं हाका मारतात, ती म्हणायची. एकदा बँकेतल्या गोऱ्या कारकुनानं लाडात येऊन विचारलं होतं, एल म्हणजे काय हो? आजी म्हणाली होती, "एल म्हणजे मिसेस बॅस्किन."

"मग काय ठरलं?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा गोड झाला होता. "वाचतेस ना छापलंय तसं?"

डेल्फीननं पुस्तक मिटलं. वह्या, पेन, डबा सगळं दप्तरात भरलं आणि दप्तर खांद्याला लावलं. मग ती उभी राहिली.

"नाही वाचत, कॅरोलीन मावशी."

बाईंच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली.

"काय म्हणालीस?"

"मावशी म्हटलं. मायेनं."

बाईंनी कप खाली ठेवला. तो टेबलावर जोरात आपटला आणि कॉफी समोर उघड्या असलेल्या त्या मरणाच्या प्रकरणावर सांडली, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मिसेस क्रेनशॉ म्हणायचं मला," त्या म्हणाल्या. "मिसेस. क्रेनशॉ."

या वेळी त्यांनी एकही अक्षर गिळलं नाही.