न आणि व

"पुन्हा दाबा बाई. दोन्ही एकदम," प्रोग्रामर मुलगी म्हणाली.

टायपिस्टबाईंनी न आणि व या कळा दाबल्या. पडद्यावर नव्या नोंदीचा कोरा फॉर्म उघडायला हवा होता. पडदा ढिम्म.

नोंदणी कार्यालयाची खिडकी उघडायला वीस मिनिटं होती आणि बाहेर रांग लागली होती. साहेब बाईंच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. "खिडकी उघडेपर्यंत जमलं तर ठीक," ते म्हणाले, "नाहीतर बाईंनी आतल्या खोलीत फायली लावाव्यात. या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल." आवाज गोड होता. नको ते सांगायचं असलं की साहेबांचा आवाज गोडच व्हायचा.

"माझी बोटं चुकत नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मुलीचाही आपल्या कामावर तेवढाच भरवसा होता. कंट्रोल कळेबरोबरच्या बऱ्याच जोड्या ब्राउझर परस्पर स्वतःच्या कामांसाठी ठेवून घेतो, म्हणून तिने फॉर्म बंद असतानाच चालणारी ही अक्षरांची जोडी काढली होती आणि शंभरदा तपासली होती. तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढून दोन्ही कळा दाबल्या. फॉर्म उघडला.

"बघा," साहेब म्हणाले. मुलीला ते 'बघा' अजिबात आवडलं नाही.

तिने पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली. कुठली कळ केव्हा दबली, केव्हा सुटली, ते तिथे उमटणार होतं. "आता करा."

बाईंची बोटं हलली म्हणेपर्यंत थांबलीसुद्धा. चौकटीत चार ओळी आल्या. न दबली. न सुटली. व दबली. व सुटली.

"बाई, दुसरी दाबायच्या आत तुम्ही पहिली सोडून देता."

"मग काय धरून ठेवू?" बाईंना हसू आलं. "टाइपरायटरवर दोन अक्षरं एकदम दाबली की कागदावर ठसा उमटवणाऱ्या काड्या एकमेकींत अडकायच्या आणि मास्तरांची पट्टी बोटांवर बसायची. तीस वर्षांत माझी काडी अडकलेली नाही."

मुलीला स्वतःचाच राग आला. शंभरदा तपासलं होतं खरं, पण शंभरही वेळा स्वतःच्याच बोटांनी.

कळ सुटली की लगेच विसरायची, असं तिने प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. आता तिने ते 'लगेच' काढलं आणि तिथे अर्धा सेकंद घातला. एका ओळीचं काम. "आता तुमच्या पद्धतीने करा, बाई."

टक, टक. फॉर्म उघडला. बाईंनी तो बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. चार वेळा केलं, चारही वेळा जमलं. मुलीने हळूच लॅपटॉप मिटला.

"तरीपण बाई," साहेब म्हणाले, "थोडा वेळ धरून ठेवायला शिकलात तर काय बिघडेल?"

"कळ दाबायची आणि सोडायची असते, साहेब. धरून बसायला ती काय खुर्ची आहे?"

साहेबांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. त्या दिवशी खिडकी पाच मिनिटं आधी उघडली.