पलीकडच्या काठावरचे पक्षी

पाऊस संपल्यानंतरची ही पक्ष्यांची पहिलीच मोजणी. तळ्याच्या इकडच्या काठाने मी निघालो होतो, पलीकडच्या काठाने माझी धाकटी बहीण. उंच लव्हाळ्यात ती दिसत नव्हती. पण ती चालेल तसे पक्षी उडत, आणि त्यावरून ती कुठे पोचली ते मला दुर्बिणीतून कळे.

फोन वाजला. "दादा, माझे एकसष्ट शेकाटे झाले. तुझ्याकडे काय, म्हशीच?"

"तीन म्हशी आणि एक बगळा. गाळात उतरू नकोस हं. वरून सुकलेला दिसतो, आत पुरुषभर खोल आहे."

"समोरच पाणलावा बसलाय. शेपटीवरून जात ओळखते आणि येते. दोनच पावलं."

शेकाट्यांचा थवा एकदम ओरडत उठला. त्यानंतर पुढे एकही पक्षी उडाला नाही. थवा घिरट्या घालून परत आला आणि जिथून उठला होता तिथेच निवांत बसला.

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पलीकडे एक टिटवी दचकून उडाली, क्षणभर घिरट्या घालून पुन्हा तिथेच उतरली.