नम्रतेचा तास

धर्मगुरू घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीची वेबसाइट नव्याने करायची होती, म्हणून तिच्या कच्च्या नमुन्यावर सगळ्या शिक्षकांकडून निनावी अभिप्राय मागवले. चौदा वर्षं मी तिथे ‘नम्रता’ हा विषय शिकवतोय, तरी माझं नाव पार तळाशी, फोन नंबरच्या वर. आणि अख्खं पान कुणाला, तर काल-परवा आलेल्या प्रवचनकलेच्या सरांना! निनावी म्हटल्यावर मीही हात धुऊन घेतले. लिहिलं, ‘सरांचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा आहे. पानावरचं तिसरं आणि सातवं प्रवचन एकच आहे, फक्त नाव बदललंय. हे पान म्हणजे निव्वळ आत्मस्तुती, काढून टाका.’

बैठकीत प्राचार्यांनी नेमकं तेच वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्यांनी प्रवचनकलेच्या सरांकडे वळून हात जोडले.

“एवढे बारकावे सरांशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? स्वतःवर इतकी कठोर टीका!”

सर गडबडून उभे राहिले. “अहो, खरंच सांगतो, ते मी लिहिलेलं नाही.”



“बघा, श्रेयसुद्धा नको! पुढच्या वर्षीपासून नम्रतेचा तास यांनीच घ्यायचा.”