पहिल्या प्रतीचा माल

"मावशी, हा माल घेता येणार नाही," साहेब म्हणाला. त्याच्या हातातल्या पीचवर करंगळीच्या नखाएवढा डाग होता.

थोमाईने त्याच्या पाठीमागे पाहिलं. तिथे खड्डा होता, गावातल्या चर्चएवढा लांब. पीक जास्त येऊन बाजार पडला की शेतकरी तरावा म्हणून सरकार पीच विकत घ्यायचं आणि त्यात पुरायचं.

"अहो, पुरायचेच आहेत ना?"

"पुरायचेच. पण सरकार पैसे देतं ते पहिल्या प्रतीच्या मालाचे. निवडून द्या."

तीन दिवस ती ट्रॅक्टरांच्या रांगेत होती, वरून ऑगस्टचं ऊन. आज परत फिरली तर उद्या हा माल बाजारही घेणार नव्हता आणि खड्डाही. वर्षाचं पोट या एका ट्रॉलीवर होतं. ओठावर आलेली शिवी गिळून ती मातीतच फतकल मारून बसली.

हात आपोआप चालू लागले. डागाळलेला बाजूला. चांगला एप्रनने पुसून क्रेटमध्ये, देठ खाली, लाली वर. सलोनिका शहरातल्या बाजारासाठी चाळीस वर्षं ती असाच माल भरत आली होती.

मागच्या ट्रॅक्टरवरून प्रोद्रोमोस ओरडला, "वहिनी, किती नटवशील! सासरी नाही चाललेत ते!"

"तू तुझं थोबाड सांभाळ." तिने मान वर केली नाही. रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

साहेब पुन्हा आला, क्रेट पाहून खूश झाला. "वा मावशी! असा माल आमच्या घरीसुद्धा येत नाही हो." त्याने शिक्का मारला. सगळे पीच खड्ड्यात ओतले गेले. वरून निळा रंग मारला, कुणी काढून खाऊ नये म्हणून.

डागाळलेले दोन क्रेट उरले. तारेच्या कुंपणापलीकडे सकाळपासून एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. थोमाईने दोन्ही क्रेट तिला देऊन टाकले. बाईने तिथल्या तिथे एक पीच दातांनी फोडून पोराला भरवला.

"तुझं भलं होवो, माय!" ती म्हणाली. "देव तुझी झाडं अशीच लगडलेली ठेवो. पुढच्या साली याच्या दुप्पट पिकू दे!"

या आशीर्वादाला थोमाई आजवर छातीवर क्रूस काढून 'आमेन' म्हणत आली होती. आता हात उचलला तो अर्ध्यावरच राहिला.

"नको गं," ती म्हणाली. "असं बोलू नकोस."