पाठकोरा कागद

बसनं घाट ओलांडला, तरी मावशींचं दुसरं वाक्य काही पुरं होईना. आजूबाजूला गाण्यांना ऊत आला होता. कपड्यांच्या कारखान्यातल्या चाळीसजणींना मालकांनी पहिल्यांदाच सहलीला धाडलं होतं, तेही भरपगारी. मावशी मात्र मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. बावीस वर्षं शिलाई मशीन चालवल्यावर बढतीच्या परीक्षेसाठी त्यांनी संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग धरला होता, आणि हा पूर्ण भविष्यकाळ काही केल्या डोक्यात शिरत नव्हता.

"सोप्पंय," बाई म्हणाल्या होत्या. "पाहुणे येतील तोवर माझा स्वयंपाक झालेला असेल. व्हायचंय पुढे, पण बोलायचं होऊन गेल्यासारखं. 'विल हॅव' दिसलं की ओळखायचं."

अशी पाच वाक्यं लिहून न्यायची होती. सरावाला सुपरवायझर त्यांना ऑफिसातले पाठकोरे कागद द्यायचा. आज सकाळीही बसमध्ये चढताना त्यानं एक गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला होता.

दुसरं वाक्य पुन्हा चुकलं. वैतागून मावशी कागद चुरगळणार, तोच मागच्या छापील मजकुरात त्यांना 'विल हॅव' दिसलं. त्या हरखल्याच. पुस्तकातलं नाही, ऑफिसच्या खऱ्याखुऱ्या पत्रातलं! बोट ठेवून त्या एकेक शब्द लावू लागल्या. 'बाय द टाइम द वर्कर्स रिटर्न'... कामगार परत येतील तोवर. 'वुई विल हॅव मूव्ह्ड ऑल द मशीन्स'... आम्ही सगळ्या मशिनी हलवलेल्या असतील.

जमलं! मावशींनी शेजारणीला कोपरानं ढोसलं, वाचून दाखवायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. वाक्यापुढे तारीख होती. आजची.

"गाडी थांबवा!" मावशी किंचाळल्या. "अगं, मशिनी चालल्या आपल्या! गाडी मागे वळवा!"

गाणं तुटलं. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पुढे बसलेला सुपरवायझर उठून तरातरा त्यांच्यापाशी आला. आता हा हिसकावणार, म्हणून मावशींनी कागद छातीशी गच्च धरला. पण तो ड्रायव्हरवर ओरडला, "बघतोस काय? वळव!"

मग मान खाली घालून म्हणाला, "तोंडातून एक शब्द काढायचा नाही, असा मालकांनी दम भरलाय मला. मुद्दाम सगळ्यांत वर ठेवला होता तो कागद, मावशी. दोन तास झाले, तुम्ही उलटून बघाल म्हणून वाट बघतोय."