सैल कवळी

"नवी कवळी आहे की खुळखुळा? 'हो' म्हटलं तरी वाजते!" दवाखान्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या आजोबा करवादले.

"चावताच येत नाही, मग जेवणार काय?" आजी घाईघाईने म्हणाल्या. सहा महिने सगळं घर त्या कवळीलाच दोष देत होतं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी बनवतानाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर कवळी बसवली. तंतोतंत बसली.

"कवळी होती तशीच आहे, आजोबा. हिरड्याच आटल्यात तुमच्या. वजन उतरलंय का?"

"छे! काहीतरीच!"

सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने मोबाइलमध्ये डोकं घातलं. आजींनी हातातली पिशवी छातीशी आवळली.



"उतरलंय हो. यांच्या नकळत दर महिन्याला पट्ट्याला नवं भोक मीच पाडतेय."